प्रेत दाखवलं नाही

डुलुथ, रात्रीचे पावणेदोन. थिएटर बंद.
पार्किंगमध्ये ट्रकच्या बॉनेटवर
गार झालेले नाचोज, आणि वाद.

मारिसेला म्हणते, दुसऱ्या भागात खलनायक नवा हवा,
तो धरण फोडणारा इंजिनियर आता पुरे.
थॅडियस उसळतो : पुरे कसा?
पाण्यात पडला, कबूल. पण प्रेत कुठं दाखवलं?
प्रेत दाखवलं नाही म्हणजे मेला नाही,
शेंबडं पोरही सांगेल!
आणि खरं सांगू? धरणाबाबत चूक नव्हतीच त्याची.
यावर सगळे एकदम तुटून पडतात.

ओडेल तेवढा गप्प,
बँकेच्या कार्डाने काचेवरचा बर्फ खरवडत.
भाऊ त्याचा नोव्हेंबरात बोटीवरून गेला.
इथलं सरोवर थंड, घेतलेलं परत देत नाही.

काच अर्धी साफ झाल्यावर म्हणतो,
"थॅडियसचं बरोबर आहे.
येईल तो.
तिसऱ्या भागात का होईना."