ओढलेला धागा

टॉवेल उजेडाला धरायचा, दोन्ही हात वर,
डोळ्यापुढून एकदा सरकवायचा, बस्स.
सव्वीस वर्षं हेच, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
कुठं गाठ, कुठं तेलाचा डाग, कुठं लूप सुटलंय,
बोटांना आधी कळतंय, डोळ्यांना मागनं.
एक खोट मात्र अशी असती
की आत कुठंतरी एकच धागा ताणलेला,
वर सगळं कापड निवांत
आणि एकाच जागी जराशी खळी.
असला पीस मी मालकासमोरसुद्धा पास केला नाही.

मार्चात मला खळी पडली.
डावीकडं, खालच्या अंगाला.
न्हाणीत बादलीवर वाकले की दिसायची,
सरळ झाले की गायब.
म्हटलं, वय झालं. म्हटलं, ब्लाउज काचत असंल.
एप्रिलात तिथली कातडी जाड झाली, वर बारीक बारीक भोकं,
सुई टोचून टोचून ठेवल्यागत.
सोलापूरचा उन्हाळा, घामोळं कुणाला नाही?
पावडर मारली. हळद लावली.
शेजारच्या राजव्वानं कोरफड दिली, तीही.
लाल झालं नव्हतं म्हणे मी.
माझ्या रंगावर लाल कुठलं दिसतंय,
नुसतं जांभूळ सांडल्यागत काळसर, हात लावला की ऊन.
नवरा रात्रपाळीचा. आमची भेट उंबऱ्यात,
एक चपला काढतंय, एक घालतंय.

दुखत नव्हतं ना.
दाढ दुखली तेव्हा गेले होते की, रात्रीच गेले होते.
न दुखण्यावर इतका विश्वास
मी माणसांवर पण ठेवला नाही कधी.

जूनमध्ये एक गठ्ठा परत आला.
आतल्या चिठ्ठीवर चेकर नंबर सतरा, म्हणजे मी.
कोंड्याल सुपरवायझर काही बोलला नाही,
नुसता टॉवेल टेबलावर पसरून गेला.
मधोमध खळी.
पलीकडनं बोट फिरवलं, धागा लागला.
सही माझीच होती.
पंख्याखाली उभी राहून मला घाम फुटला,
कारण टॉवेल निदान उजेडाला धरला होता मी एकदा.

सिव्हिलला केसपेपर काढला, भिंतीला टेकून बसले.
डॉक्टरीण पोरगीच, इनामदार म्हणून.
हात चोळून ऊब आणली, मग लावला.
हात वर करा. आता कमरेवर दाबा. आता पुढं वाका.
मी म्हटलं, बाई, आम्ही टॉवेल असाच बघतो.
ती हसली नाही. विचारलं, बोंड आत कधी गेलं?
आत गेलंय हेच मला माहीत नव्हतं.

"सगळ्या खळ्या वाईट नसतात, मावशी.
कधी आत पू असतो, कधी इसब, कधी काहीच नाही.
पण ते सुई ठरवंल, फोटो ठरवंल, हळद नाही.
साधं पुरळ आठ-दहा दिवसांत गेलं नाही तर यायचं.
खळी पडली, साल संत्र्यागत झाली, बोंड ओढलं गेलं,
तर तेवढे दिवस पण मोजायचे नाहीत."
काखेत चाचपताना मात्र ती गप्प झाली.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले,
मार्च, एप्रिल, मे.

सुई टोचली. रिपोर्ट गुरुवारी.

आज मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत
टाकीजवळ महादेवी पदराआड खाजवत होती.
काय गं?
काय नाही अक्का, बोंडावर खपली धरती,
निघती, परत धरती. मलम लावते की.
कधीपासून?
झाली असतील संक्रांतीपासून. जाऊ दे, दुखत नाही.

मी तिच्या हातातला डबा घेतला, झाकण लावलं,
कोंड्यालला सांगितलं, आम्हा दोघींची अर्धी पाळी मांड.
तो म्हणाला, ऑर्डर आहे.
म्हटलं, असू दे.
रिक्षात ती विचारत होती, आपण कुठं चाललोय,
आणि मी तिची चटणी-भाकरी मांडीवर धरून
गुरुवारचं काहीच बोलले नाही.