बारदाना

सात कंट्रोलर होते
आणि सातही फायलींत त्याच अकरा ओळी:
आत कोण आलंय ते बघा,
बाजार चालू आहे का बघा,
वजन घ्या, बारदाना वजा करा,
पावती फाडा.
इरफानने त्या आधी सोयाबीनसाठी लिहिल्या,
मग तुरीसाठी उचलल्या, मग हरभऱ्यासाठी,
उडीद, चिंच, करडई,
आणि शेवटी जनावरांच्या बाजारासाठी.
तिथून तो पुण्याला गेला.
ओळी उदगीरलाच राहिल्या, माझ्या नावावर.

माघात समितीनं ठरवलं:
पोत्यामागे किलो नाही, सहाशे ग्रॅमच वजा करायचे.
मी एकेक फाईल उघडून
एकाच्या जागी शून्य पॉइंट सहा लिहीत गेले.
मध्येच लाइट गेली.
आली तेव्हा चहाही आला,
आणि मला वाटलं, झालं सगळं.

चौथ्या दिवशी मापाडी हणमंतअप्पा
टोपीच्या घडीत पावती घेऊन आले.
"करडईची पस्तीस पोती, मॅडम.
चौदा किलो कुठं जायलेत?"
करडईच्या फायलीत
जुना किलो तसाच मांडी घालून बसला होता.
चौदा किलो करडई.
घाण्यावर नेली तर चारेक लिटर तेल.

त्या रात्री मी नवी फाईल केली.
नाव दिलं, सामाईक.
अकराही ओळी तिच्यात नेऊन ठेवल्या
आणि सातही ठिकाणी एवढंच लिहिलं:
तिकडे विचारा.
जनावरांच्या फायलीत बारदान्याच्या ओळीपुढे
दोन रेघा मारून ती कुणीतरी बंद करून ठेवली होती.
कचरा समजून मी तीही झाडली.
सत्त्याहत्तर ओळींच्या अकरा झाल्या.
सकाळी मुनीम बंकटलालजींना कौतुकानं सांगितलं,
तर चष्मा न काढता म्हणाले,
"भागीचं घोडं किवणानं मरतं, बाई."
मी हसले.
इथं कुठलं घोडं.

बैल होते.

गुरुवारी तुळशीराम बिरादारांची देवणी जोडी विकली गेली.
प्रिंटरनं खरखरत पावती काढली:
नग दोन.
बारदाना वजा एक पॉइंट दोन.
निव्वळ शून्य पॉइंट आठ बैल.
बिरादारांनी ती दोनदा वाचली,
मग खिडकीतून आत वाकून, अगदी शांतपणे:
"बैलाला कुठला बारदाना, मॅडम?
कातडं वजा केलाव का?"
रांग हसली. हणमंतअप्पा तर
काट्याला टेकून हसले,
आणि काट्यानं त्यांचंही थोडं वजन दाखवलं.

इरफानला फोन लावला.
"अगं हो," तो म्हणाला, "ती ओळ मीच बंद केली होती.
का, ते लिहायचं राहिलं."
मागून पुण्याचे हॉर्न ऐकू येत होते.

आता सामाईकात दहाच ओळी आहेत.
बारदाना वेगळा काढला,
ज्याच्याकडे पोतं आहे त्यानं हाक मारावी.
सारखं दिसणारं सगळं एकाच घरचं नसतं
हे मी बहिणींच्या लग्नात शिकले होते,
कोडमध्ये विसरले.
फायलीच्या डोक्यावर माझं नाव टाकलंय,
किवण झालीच तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून.
आणि खाली, बंद करून, एक ओळ:
बैल पोत्यात येत नाही.

ती पावती काट्याच्या खोलीत
अजून भिंतीला चिकटवलेली आहे.
चौदा किलोचे पैसे मात्र
अजून फायलीत आहेत,
कागदाच्या.