लुगडुनेन्सिस

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं.
लुगडुनेन्सिस.
म्हटलं, हा जंतू आहे
की साखर पेठेतलं लुगड्यांचं दुकान?
सर म्हणाले, फ्रान्समध्ये एक शहर आहे,
त्याच्या जुन्या नावावरून ठेवलंय.
रेशीम विणणाऱ्यांचं शहर.
मग हसायची थांबले.
आमच्या घरात चार पिढ्या माग होता.

मे महिना, पारा चव्वेचाळीसवर.
तिसऱ्या वॉर्डातून रक्ताच्या दोन बाटल्या:
अंबादास येमूल, वय एक्केचाळीस,
यंत्रमाग कामगार, ताप सतरा दिवस.
कागदाच्या मागे कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं,
जांघेत गळू, आपोआप फुटलं.

घाम, सुताची धूळ, बारा तासांची पाळी.
जांघेतलं गळू कोण कुणाला दाखवतं?

दुसऱ्या दिवशी पहिली बाटली वाजली.
प्लेटवर बारीक पांढरे ठिपके,
खळीचे शिंतोडे उडावेत तसे.
अशा ठिपक्यांसाठी आमच्याकडे वाक्य तयार असतं:
त्वचेवरचा जंतू. नमुना दूषित.
त्याचा रबरी शिक्काच आहे.
उन्हाळ्यात शाई वाळते, तरी उमटतो.

मी शिक्का उचलला होता.
खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात दुसरी बाटली वाजली.
तेच ठिपके.
प्लेटचा वास घेऊ नये म्हणतात; घेत नाही, येतो,
ओल्या कडब्यासारखा.
नळीत ऑर्निथिन घेतलं, वर तेलाचा थर, रात्रभर उबेत.
जांभळी नळी आधी पिवळी पडते,
आणि हाच असेल तर पुन्हा जांभळी.
आजोबा रंगाच्या हौदातून लडी काढून
उन्हात धरायचे, रंग बसला का बघायला.
तशी मी नळी खिडकीत धरली.
बसला होता.

कागद शिपायाकडे दिला नाही. स्वतः गेले.
बिराजदार मॅडमनी इकोच्या पडद्यावर बोट ठेवलं:
डाव्या झडपेच्या पाकळीवर एक गोंडा,
दर ठोक्याला इकडून तिकडे,
धोट्यात अडकलेल्या सुतासारखा.
खाली झडपेचे दोर. एक तुटलेला.
धागा तुटला तर कामगार माग थांबवतो,
गाठ मारतो, चालू करतो.
इथं थांबवायचं कसं?
हैदराबादला थांबवतात, मॅडम म्हणाल्या. दोनेक तास.

प्लेटवर किती गरीब असतो हा,
साध्या पेनिसिलिनपुढे मान टाकतो.
आणि आत, पाकळीवर बसला की
कुरतडून भोक पाडतो.

पायरीवर त्याची बायको. मांडीवर सूप नव्हतं,
तरी बोटं विडी वळत होती.
एमयिंदि अक्का?
पुरुगु, म्हटलं. किडा.
नाव सांगितलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात एक बाटली होती.
गड्डम, वय एकोणतीस.
एकच बाटली, पांढरे ठिपके. शिक्का.
नमुना खरंच दूषित असेलही.
असेलही.
खाली माझी सही आहे. ते पान मी उघडत नाही.
पान क्रमांक पाठ आहे.

अंबादासला आता धातूची झडप आहे.
रात्री कान लावला की टिकटिक येते, बायको म्हणाली,
कारखाना सुटल्यापासून झोप नव्हती त्यांना,
आता तेवढ्यावर लागते.
रक्त पातळ राहायच्या गोळ्या,
आणि महिन्यातून एकदा तपासणी, आमच्या शेजारच्या खोलीत.
जाता-येता मी रजिस्टरात डोकावते.
जूनमध्ये होता. जुलैत, ऑगस्टमध्येही.

या महिन्यात नाव आलेलं नाही.
आज सव्वीस तारीख.
मधे सुट्ट्या होत्या, रिक्षा बंद होत्या, काहीही असेल.
अजून चार दिवस आहेत.