काठोकाठ

सोमवारी बाबा काट्यावर उभे राहिले
आणि मक्वला नर्सने नुसती भुवई उचलली.
शुक्रवारपासून दोन किलो नऊशे.
माझ्या फोनच्या हिशोबाने
दोन दोनशेच्या पुढे काटा जायला नको होता.

सातशे ग्रॅम पाणी. कुठून आलं?

चार तास यंत्र ते पाणी उपसत होतं
आणि मी खुर्चीत बसून नोंदी तपासत होते.
टोमॅटो, मध्यम, एक.
कुणाचा मध्यम?
आमच्या परसातला टोमॅटो बाबांच्या मुठीत मावत नाही,
आणि बाबांची मूठ
चाळीस वर्षं कुताईसीच्या ट्रक कारखान्यात पाने फिरवलेली मूठ आहे.
खिंकाली, एक नग.
आतला रस्सा धरून की सांडून?
वालिको काकांच्या टेबलावर की आमच्या?
फोनला विचारलं तर तो तीन उत्तरं देतो,
तिन्ही दशांशासकट.

खरं सांगते, फोनवर संशय नंतर आला.
आधी आला बाबांवर.

रात्री नळाचा आवाज ऐकत जागी राहिले.
न्हाणीघराला आतून कडी लागली की मनात आकडे मोजले.
फुलझाडांची झारी मुद्दाम रिकामी करून ठेवली.
वालिको काकांना जिन्यात गाठून म्हटलं,
तुम्ही देता ना त्यांना? खरं सांगा.
काका मान खाली घालून पायऱ्या उतरून गेले.
बुधवारी जेवताना मी बोललेच :
तुम्ही चोरून पिता.
बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.
म्हणाले, तू दिलंस तेवढंच पितो.
मग तो तुकडा तसाच राहिला, कडक होत.

गुरुवारी चेरीच्या मुरंब्यासाठी साखर तोलत होते.
काटा मोकळाच होता, म्हणून
सहज त्यावर बाबांचा ग्लास ठेवला,
शून्य केलं,
आणि रोज ओतते तसं पाणी ओतलं.

दोनशे सत्तर.

पुन्हा ओतलं. दोनशे अडुसष्ट. दोनशे बहात्तर.

फोनमध्ये मी लिहीत आले होते : ग्लास, एक, दोनशे.
फोनचा ग्लास कुणा शहाण्या माणसाचा असणार,
वर दोन बोटं जागा सोडणारा.
आमच्या घरात अपुरा ग्लास
परक्यापुढेसुद्धा कुणी ठेवला नाही.
आणि ज्याला दिवसाला तीनच मिळायचे
त्याच्या ग्लासात मी
पाणी काठाच्या वर फुगून थरथरेपर्यंत ओतत होते,
दोन हातांनी, न सांडता, आणून देत होते.

मापात पाप म्हणतात.
माझ्या मापात काय होतं
त्याला अजून शब्द सापडलेला नाही.

शनिवारी बाजारात गेले.
काचेची भांडी विकणारी त्सिस्या म्हणाली, केवढा हवाय?
मी पिशवीतून काटा काढला, पाण्याची बाटली काढली.
अकरा ग्लास भरून पाहिले तिच्या फळीवर.
मागे रांग लागली. कुणी हसलं.
बाराव्यात दोनशे ओतले तेव्हा
पाणी बरोबर काठाला येऊन थांबलं.
जाड बुडाचा, हिरवट, जरा तिरका.
ती म्हणाली, हा नको, यात दोष आहे.
म्हटलं, हाच द्या.

बाबांनी तो उजेडात धरून फिरवला.
लहान आहे, म्हणाले.
मग म्हणाले, पण भरलेला आहे.

वालिको काकांकडे मुरंब्याची बरणी घेऊन गेले.
त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही, बरणी घेतली.

आता रोजचे सत्तर, तीनदा, तीन दिवस :
सहाशे तीस होतात.
सातशेतले सत्तर उरतात.
एक मोठा घोट.
किंवा टोमॅटो. किंवा काट्यावर चढताना
खिशात राहिलेल्या किल्ल्या.
किंवा पहाटे चार वाजता,
नळ सैल सोडून, आवाज न करता,
ओंजळभर.

ते सत्तर मी कुठेच लिहिलेले नाहीत.