गुलाबी प्रत

फेल्गैरासला पोचलो तेव्हा डोंगर धुक्यात होता
आणि कारखान्याचा सगळा दिवस
फॅक्सच्या तोंडून बाहेर येत होता,
हळूहळू, कोमट, कडेला गुंडाळलेला.

माझ्याजवळ चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे, एक जाड मार्कर
आणि मालकाच्या मुलाचं पत्र:
'आलेली ऑर्डर आठवडाभर चालत असते.
कुठे चालते, ते शोधा.'

भिंतीवर खाकी कागद लावला, खिडकीपासून दारापर्यंत.
एका ऑर्डरचा प्रवास मांडायचा होता:
हॅम्बुर्गचं दुकान, तीनशे जोड, तपकिरी,
बेचाळीस नंबर जरा जास्त.

दिओलिंदा पाश्कोआल, ऑर्डर विभाग, एकतीस वर्षं.
ती सांगत गेली, मी चिकटवत गेलो.
पांढरी प्रत हिशेबाला. पिवळी शिवणाऱ्यांना.
गुलाबी खाली गोदामात, अबीलियुकडे,
तो सही करून वर पाठवतो, मी फाईल करते.
मग?
मग काही नाही.
बघतं कोण ती?
ती थांबली. 'एका वर्षी टाचांचा ट्रक दोनदा आला होता.
तेव्हा एल्विरूनं सुरू केली.
एल्विरू वारला.'

गोदामात जाऊन पाहिलं.
बुटांच्या खोक्यांत वर्षांवारी लावलेले गुलाबी कागद,
जितकं जुनं खोकं तितका रंग उडालेला,
तळाशी तर नुसते पांढरे,
सही तेवढी शाबूत.
कागदी घोडे म्हणतात ते हेच;
इथे त्यांना तबेलाही होता, आणि रोज खरारा.

संध्याकाळी चिठ्ठ्या भरल्या सत्तेचाळीस.
माझ्या गणितानं अडतीस उडणार होत्या,
आणि उडणाऱ्यांतल्या बहुतेकींवर नाव एकच होतं.
रात्री खाणावळीत कोबीचं सूप गार होऊ दिलं.
तिला सांगायची वाक्यं जुळवत बसलो,
एकही धड उभं राहीना.

सकाळी आलो तर दिओलिंदा स्टुलावर उभी,
अंगात अजून ओव्हरकोट,
चिठ्ठ्या उपटून टोपलीत टाकते आहे.
'ही नको. ही कधीच नको होती.
ही माझी आहे, हीसुद्धा नको.
माशी शिंकते ती इथे, बघ, कापणीच्या आधी,
तीन दिवस फक्त सहीची वाट.'
तिनं भिंतीवर सहाच ठेवल्या.

मी, उंटावरचा शहाणा,
उंटासकट दारात अडकलेला.
म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?
'विचारलं कुणी?'

सहामधली एक हातात घेऊन मी उभा राहिलो.
मंगळवार, फोन, आल्कानेना, चामड्याचा कारखाना.
म्हटलं, ही लागणार नाही आता,
त्यांचा साठा दर पंधरा मिनिटांनी
इथे पडद्यावर दिसेल. हिरवा किंवा लाल.
'रंग कोण भरणार?'
तेच भरतील.
'तेच ना?' ती म्हणाली
आणि चिठ्ठी माझ्या हातून घेऊन
पुन्हा लावली. जरा तिरकी.

फेब्रुवारीत सुरू झालं सगळं.
हॅम्बुर्गची ऑर्डर नऊ अकराला आली,
सव्वानऊला कापणीच्या टेबलावर होती,
मधे कुणी जिना चढलं नाही.
अबीलियु मात्र दहाला वर आला,
खिशाला पेन लावून,
सही कुठे करायची विचारायला.
तिनं त्याला स्कॅनर दिला, खुर्ची दिली,
आणि बटण कितीदा दाबायचं ते सांगितलं:
एकदाच.

मंगळवार होता.
पडद्यावर आल्कानेनाची ओळ हिरवीगार.
दिओलिंदानं फोन उचलला.
'वाल्देमार, मधमाश्या कशा आहेत?'
मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली,
मधेच एकदा हसली,
मधेच वायरीशी चाळा थांबला.
फोनच्या तोंडावर हात ठेवून माझ्याकडे वळली:
'दहा दिवस उशीर. चामडं वाळत नाहीये.
हॅम्बुर्गला आजच कळव.'

मी पडद्याकडे पाहिलं.
हिरवं.