धुक्याचे पैसे परत मिळत नाहीत

पहाटे पाचला चाकाबुकोच्या धक्क्यावरून सुटतो आम्ही.
एकशे दहा माणसं, दोन संडास,
आणि प्रत्येकाला हवी उजवीकडचीच खिडकी.
मी नेलिदा. चहा मी देते, ओकारीच्या पिशव्याही मीच,
आणि शेवटी, हिमनदीसमोर,
व्हिस्कीच्या पेल्यात तिचाच एक तुकडा टाकून देते.
जाहिरातीत तेवढंच मोठ्या अक्षरांत असतं.

बर्फ काढतो एलिसेओ.
रबरी होडीतून ओणवा होऊन, मासळीच्या जाळीने,
मग छातीशी धरून आणतो,
नुकतंच जन्मलेलं ओलं कोकरू आणावं तसा.
त्याचा आजा याच पाण्यात समुद्रसिंहांची कातडी सोलायचा.
आता समुद्रसिंह दिसला की एलिसेओ घंटा वाजवतो,
सगळे एका अंगाला धावतात, बोट कलते,
कप्तान उर्रुतिया माइकवरून ओरडतो,
"निम्मे तरी तिकडेच थांबा, देवाशपथ!"
समुद्रसिंह जांभई देतो.
जांभईला कुजक्या शिंपल्यांचा वास.
तो फोटोत येत नाही.

माझे वडीलही हीच वाट चालवायचे.
घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, किटली होती.
नदीचं अरुंद तोंड ओलांडलं
की बर्फाची भिंत समोर येईपर्यंत
येर्बाचा कडू चहा, एकदाच पाणी घातलेला.
माझ्या लग्नाच्या वर्षी दोनदा पाणी घालावं लागलं.
आता अख्खा थर्मास संपतो
आणि पाल्यात चव म्हणून उरत नाही.
दर उन्हाळ्यात शहाणी माणसं येतात,
खांब रोवतात, काहीबाही लिहून घेतात, जातात.
मी त्यांना थर्मासचं सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं नाही.

पण सांगायचंय ते त्या मंगळवारचं.
धुकं असं, की नाळेवर एलिसेओचे बूट दिसत होते,
एलिसेओ नव्हता.
"पैसे परत द्या," सान्तियागोचे एक दातांचे डॉक्टर.
"तिकिटाच्या मागे लिहिलंय," मी म्हटलं,
"हवा आमच्या हातात नाही."
एक पोरगी काचेवरच्या वाफेत बोटाने हिमनदी काढत होती.
निळा कुठून आणू, असं विचारत होती, कुणालाही.
आणि उर्रुतियाने इंजिन बंद केलं.
का, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आधी नुसतं गप्प.
मग चहूकडून, बोटीच्या पोटाला लागून,
तव्यावर जाडं मीठ तडतडावं तसं,
बर्फाचे तुकडे आपली कोंडलेली हवा
एकेक कण करून सोडत होते.
मग खूप आत कुठेतरी
एक जड दार लोटल्यासारखं.
मग काही नाही.
मग लाट.

काय पडलं, केवढं पडलं, कुणी पाहिलं नाही.
एकशे दहा माणसं एकदमच वर उचलली गेली
आणि हळूच खाली ठेवली गेली,
झोपलेलं पोर या खाटेवरून त्या खाटेवर ठेवावं तशी.
डॉक्टरांनी माझा दंड धरला होता.
सोडायचं विसरले बराच वेळ.
धुक्यात डॉल्फिनांनी श्वास टाकले.
मी मोजले, उतारू मोजते तसे:
तीन मोठे. एक लहान, जरा मागून.

व्हिस्की दिली, नेहमीसारखी.
लगेच कुणी प्यायलं नाही.
पेले सगळ्यांच्या कानाशी होते.

उतरताना पैसे कुणीच मागितले नाहीत,
असं म्हटलं तर गोष्ट बरी होईल.
मागितले. सत्तावीस जणांनी.
अर्ज मीच भरून घेतले, शिक्का मारला,
डॉक्टरांचं आडनाव दोनदा चुकले.

रात्री घरी थर्मास धुवायला घेतला
तर काठोकाठ भरलेला, अजून कोमट.
त्या दिवशी मोजायचंच राहून गेलं.