दहा मिनिटं लटकून

"साइज?" हातिमभाईंनी विचारलं,
नजर सभ्यपणे पावतीपुस्तकावर ठेवून.
मी म्हटलं, माहीत नाही.
ब्लाउजची माहीत आहे, चपलेची माहीत आहे,
सोनोग्राफीत गाठ किती सेंटिमीटरची निघाली तीही.
पण दोराला मी किती लागते
हे आजवर कुणी मोजलं नव्हतं.

मसजिद बंदर, मसाल्याच्या गल्लीमागे
जहाजांच्या सामानाचं दुकान.
कप्प्या, कड्या, डांबराचा वास मुरलेले दोर,
आणि टॉवरला रंग देणाऱ्यांचे पट्टे.
"लेडीज लोक हे घेत नाहीत," ते म्हणाले.
टोमणा नव्हता. खरंच कुणी घेतलं नव्हतं.

जानेवारीत मेघालयात उतरायचंय,
ऐंशी फूट उभी गुहा, तळाशी वटवाघळं.
ती मोजणं हे माझं काम.
(सोसायटीत विचारलं तर सांगते, सर्व्हे.)
मागच्या खेपेला परेराचा हार्नेस उसना नेला.
परेरा सहा फूट, खांद्यापासून टाचेपर्यंत दिव्याचा खांब.
त्याचा पट्टा माझ्या कमरेवर टिकेना,
चढत चढत बरगडीत जाऊन बसला,
आणि मांड्यांवरचे दोन जांभळे वळ
होळीपर्यंत गेले नाहीत.

त्यांची मुलगी, तस्नीम, माळ्यावरून तीन खोकी घेऊन उतरली.
शटर अर्ध्यावर ओढलं.
जिथून पूर्वी वेलदोड्याची पोती वर चढायची
त्या तुळईला दोर टाकला,
गाठ मारली, माझ्याहून बरी.
"उभ्यानं सगळेच बरे वाटतात. बसून बघा.
दहा मिनिटं. मी मोबाइल लावते."

पहिला.
चौथ्या मिनिटाला डावी मांडी परकी झाली,
चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला तरी लागला.

दुसरा गुबगुबीत, सोफ्यासारखा.
मीच नको म्हटलं. गादी गुहेतला चिखल पिते
आणि आठवडाभर परत देत नाही.
शिवाय कडी फार वर,
आणि पट्टा नेमका टाक्यांवर.
सुयोगच्या वेळचे टाके, एकवीस वर्षांचे,
त्यांना अजून कुणी हात लावलेला चालत नाही.

तिसरा कुणीतरी मागवून न नेलेला,
लाल, पण उडालेला.
कमरेपासून मांडीपर्यंत चार बोटं जास्त सोडलेली.
ज्यानं बेतला
त्याच्या घरात बायका बोलत असाव्यात.
अर्धचंद्राची पोलादी कडी खाली, बेंबीच्या बरीच खाली,
बकल चपटी, सरपटताना दगडाला अडायची नाहीत.
आणि खाली पाच-सहा तास, मध्येच जायची वेळ आली
तर कंबर न सोडता मागचे पट्टे सुटतात का?
हे मी हळू विचारलं.
तस्नीमनं मोठ्यानं, करून दाखवत, उत्तर दिलं.
हातिमभाई चहा सांगायला बाहेर गेले.

बसले.
शटरखालून गल्ली दिसत होती, गुडघ्यापर्यंतची.
हातगाडीची चाकं, एक सांडलेलं लिंबू,
दोन अनवाणी पावलं थांबली, एक हमाल वाकला,
पाठीवरच्या ओझ्यासकट.
मला बघून त्याला नवल वाटलं नाही.
"बराबर बैठा?" त्यानं विचारलं.
कपाळावरचा पट्टा त्यानं एका अंगठ्यानं सरकवला,
जिथं रोज बसतो तिथं.
मी म्हटलं, हां. बराबर.

मोबाइल वाजला. मी उतरले नाही.
कुठंच काही टोचत नव्हतं.
इतका वेळ काही न टोचता
मी शेवटची कधी बसले होते, आठवेना.

भाव जास्तच होता. घासाघीस केली नाही.
सुटे मोजताना तस्नीम म्हणाली,
"दहा वर्षं विकतेय. कधी बसले नाही."
मग रिद्याचा घोळ आवरून, पाय एकेक घालून,
मी बकल ओढली, दोनदा तपासली,
आणि तिनं जमीन सोडली.

हातिमभाई दोन कटिंग घेऊन वाकून आत आले.
वर बघितलं.
ग्लास कुठं ठेवावेत
ते त्यांना सुचेना.